बगदादला गेलेला बर्फ

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. गोड बोलून गोष्ट गुंडाळणं मला जमत नाही. म्हणून यात माझी चूक कुठे झाली ते सांगेन, आणि दुसऱ्यांची कुठे झाली तेही सांगेन.

माझं माहेर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, केळी पिकवायची वखार होती. लग्न होऊन मी जळगावला आले. आमचे हे तेव्हा दीपनगरला वीजकेंद्राच्या कामावर एका ठेकेदाराकडे वायरमन होते. त्याच ठेकेदाराला इराकमध्ये काम मिळालं आणि त्र्याऐंशी साली हे बगदादजवळच्या वीजकेंद्रावर गेले. मुलगी दोन वर्षांची होती. तीन वर्षं मी आणि ती, आणि महिन्याला एक पत्र.

तिथे दुसऱ्या वर्षी यांना मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला. एका पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस माणसं, कोण कोणाकडे बघणार? शेडच्या फाटकाशी एक बाई तंदूर लावून रोट्या विकायची. नवरा इराणच्या लढाईत गेलेला, एक लहान मुलगी, आणि शाळेत शिकवणारा भाऊ. तीन दिवस हा माणूस रोटी घ्यायला आला नाही म्हणून ती शेडमध्ये बघायला आली, आणि भावाच्या मदतीने यांना उचलून स्वतःच्या घरी घेऊन गेली. बावीस दिवस तिने यांना सूप पाजलं. जात नाही, धर्म नाही, भाषा नाही. यांनी तिला ‘अक्का’ म्हणायला सुरुवात केली. अर्थ विचारला तेव्हा सांगितलं, मोठी बहीण. तेव्हापासून तिच्या भावाने इंग्रजीत लिहिलेल्या प्रत्येक पत्राखाली ती स्वतःच्या हाताने अरबीत काहीतरी लिहायची. ते ‘अक्का’ आहे असं हे म्हणायचे.

हे परत आले ते खजूर, चहाचे चिमुकले पेले आणि एक फोटो घेऊन. फोटोत अक्का आणि तिची लेक, माझ्या मुलीच्याच वयाची, पुढचे दोन दात पडलेली. तो फोटो आम्ही देवघराशेजारी लावला. येणारीजाणारी विचारायची, ही कोण? मी म्हणायची, माझी नणंद. कधी भांडायला न आलेली नणंद कोणाला आवडणार नाही?

जळगावला यांनी पंपाच्या जळलेल्या मोटारींत तार भरून द्यायचं दुकान टाकलं. पत्रं येत राहिली. एकोणनव्वदला कळलं की पोरीला साखरेचा आजार निघाला आहे, त्या वयात होतो तो, रोज इंजेक्शन टोचावं लागणारा. पण पत्रात लिहिलं होतं, काळजी नको, सरकारी दवाखान्यात इन्सुलिन फुकट मिळतं, पोरगी स्वतःच टोचून घ्यायला शिकली आहे. मी म्हटलं, चला, देव पावला.

पुढच्या वर्षी इराकने कुवेत गिळलं, आणि मोठमोठ्या देशांनी मिळून इराकची नाकेबंदी केली. काही आत जायचं नाही, काही बाहेर यायचं नाही. मग लढाई झाली. हे रेडिओला कान लावून बसायचे. ज्या वीजकेंद्रात यांनी केबली ओढल्या होत्या त्याच्यावर बाँब पडल्याचं कोणीतरी सांगितलं, त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी चिडून म्हटलं, “तुमच्या बापाचं होतं का ते?” तर म्हणाले, “तिच्या घरातला दिवा त्याच्यावर लागत होता.” मग मीही जेवले नाही.

दीड वर्ष पत्र नाही. आलं ते जॉर्डनचं तिकीट लावून, कोणा जाणाऱ्याच्या हातून टाकलेलं. भावाने लिहिलं होतं की महिन्याच्या पगारात आता अंड्यांचा एक ट्रे येतो. शाळेत पेन्सिली नाहीत. दवाखान्यात इन्सुलिन एक आठवडा असतं, दोन आठवडे नसतं. चोरबाजारात बाटली मिळते, तिच्यासाठी अक्काने पुढच्या खोलीचं दार काढून विकलं. दिवसातून चार-दोन तास वीज असते, म्हणून बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. पोरगी अर्धाच डोस घेते, पुरवून पुरवून.

हे मला ते पत्र मराठीत सांगत होते आणि मला हळूहळू राग चढत होता. औषधाला बंदी नव्हती म्हणे. कागदावर नव्हती. पण बँक पैसे पाठवणार नाही, जहाज बंदराला लागणार नाही, विमान उतरणार नाही, वीजकेंद्राचा सुटा भाग मिळणार नाही. मग औषध काय चालत जाणार होतं? चुलीत पाणी ओतायचं आणि वर म्हणायचं, आम्ही कुठे स्वयंपाकाला मनाई केली.

यांनी पोस्टात पार्सल न्यायचा प्रयत्न केला. खिडकीतल्या माणसाने देशाचं नाव वाचून मान हलवली. त्याचं तरी काय चुकलं? वरून हुकूम होता.

मग धुळ्याच्या वकीलभाऊंचं कळलं. मुंबईच्या काही डॉक्टर-मास्तरांबरोबर मिळून हे वकील नाकेबंदीच्या विरोधात गावोगाव सभा घेत होते, सह्या गोळा करत होते, आणि औषधं जमवून जॉर्डनमार्गे स्वतः नेऊन पोचवणार होते. जळगावला बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांची सभा झाली. पंचवीस-तीस माणसं असतील, त्यातली निम्मी रिक्षाची वाट बघणारी. वकीलभाऊ शुद्ध भाषेत बोलायला लागले, कोणी ऐकेना. मग घरच्या अहिराणीत आले. “तठे पोरे मरी राहिनात, आन् आठे आपन बठ्ठा च्या पी राहिनूत,” तिकडे पोरं मरतायत आणि इथे आपण सगळे चहा पितोय, असं म्हणाले आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. दोनचार जण हसले. एक जण म्हणाला, “आपल्या खेड्यात डॉक्टर येत नाही, अन् हे चालले बगदादला.” दुसरा म्हणाला, त्या लोकांचा एवढा कळवळा कशाला. तेव्हा मात्र माझा तोल सुटला. मी उभी राहिले आणि म्हटलं, “माझ्या नवऱ्याला टायफॉइड झाला तेव्हा तुझी आई गेली होती का सूप पाजायला? त्या लोकांतली एक बाई गेली होती. आता सही कर नाहीतर बाजूला हो.” त्याने सही केली. वकीलभाऊंनी मला त्या दिवसापासून ताई म्हणायला सुरुवात केली.

चार महिने आम्ही दारोदार फिरलो. डॉक्टरांकडे, मेडिकलवाल्यांकडे. कोणी मलम द्यायचं, कोणी ग्लुकोजच्या पिशव्या. शाळेतल्या मुलांनी पेन्सिली दिल्या, माझ्या मुलीने स्वतःचा कंपासच दिला. वकीलभाऊ सगळं धुळ्याला नेऊन मोजून बांधत. पण इन्सुलिनला मी कोणाला हात लावू दिला नाही. ते अक्काच्या लेकीचं होतं. आमच्या गल्लीजवळच्या मेडिकलवाल्याने स्वतः आठ बाटल्या दिल्या आणि बाकीच्या ओळखीपाळखीने मिळवून दिल्या. चोवीस झाल्या. एका पोरीला पुरवून वापरल्या तर वर्षाहून जास्त. तो म्हणाला, “वहिनी, थंड ठेवा बरं का. आपल्या उन्हात याचं पाणी होतं.” एवढंच म्हणाला. पुढचं त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

शेजारच्या प्राध्यापकीणबाईंच्या फ्रीजमध्ये मी त्या बाटल्या ठेवल्या. वीज गेली की धावत जायचं, फ्रीज उघडू नका म्हणून ओरडायचं. त्यांची मुलं मला इन्सुलिनवाली काकू म्हणायला लागली होती.

जायचं ठरलं ते चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात. मे महिन्यातलं जळगाव ज्याने पाहिलं आहे त्याला सांगायला नको. इथून मुंबईपर्यंत रेल्वे, तिथून विमानाने जॉर्डन, आणि पुढे वाळवंटातून मोटारीने बगदाद. तीन-साडेतीन दिवस. बाटल्या थंड कशा राहणार? हे म्हणाले, थर्मासात घालू. मी म्हटलं, तुम्हाला मोटारी भरता येतात तेवढं पुरे, थंडीचं मला सांगू नका. मी केळीवाल्याची लेक. उन्हाळ्यात वखारीत केळी पिकवताना बर्फाच्या लाद्या भुशात आणि गोणपाटात कशा गुंडाळायच्या, ते मी लहानपणापासून बघत आले होते.

बाटल्या घेऊन मी रावेरला गेले. आबांनी लाकडी पेटी दिली, आत बसवायला थर्माकोलचा डबा दिला, मध्ये भरायला वखारीतला लाकडाचा भुसा दिला. औषधाच्या बाटल्यांची खोकी फार जागा खात होती. मी ती सगळी काढली, आतले इंग्रजी कागद काढले आणि घरी आल्यावर बंबात घातले. बाटल्या कापसात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्या.

आणि मीठ. आमच्याकडे अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. आबा त्या दिवशी बर्फाची लादी आणायचे आणि आम्ही बहिणी लाकडी पॉटमध्ये आइस्क्रीम फिरवायचो. बर्फात मूठमूठ खडेमीठ टाकायचं, मग तो बर्फ असा काही कडक होतो की दूध घट्ट होईपर्यंत फिरवणाऱ्याचे हात बधिर होतात. मिठाने बर्फाला जोर येतो, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत. मी त्या डब्यात बाटल्यांभोवती बर्फ फोडून भरला आणि थरावर थर खडेमीठ पेरलं. आबांना विचारलं, जास्त झालं का? ते म्हणाले, “बरफानं कोनाचं काई बिघडत नाई.” त्यांच्या केळीचं बिघडत नव्हतं, कारण केळी आणि बर्फ यांच्यामध्ये वीतभर भुसा आणि गोणपाट असायचं. आणि केळीच्या बर्फात कोणी मीठ घालत नाही. हे दोन्ही मला तेव्हा सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

वकीलभाऊ जळगाव स्टेशनवर पेटी घ्यायला आले. मी त्यांच्या हातात किलोभर खडेमिठाची पुरचुंडी दिली. म्हटलं, “मुंबईला बर्फ बदला. जॉर्डनला उतरलात की पुन्हा बदला. आणि भाऊ, दर वेळी मीठ. मीठ विसरू नका.” ते म्हणाले, ताई, तुमची शप्पथ.

ते महिन्याने परत आले आणि थेट आमच्या घरी आले. दारापुढच्या ओट्यावर बसले, हे त्यांच्यासमोर, मी दारात. चेहरा काळवंडलेला होता. लहान मुलांच्या वॉर्डातल्या खाटांचं अर्धवटच सांगितलं. मी चहा दिला. मग जरा हसून म्हणाले, “ताई, विमानतळावर तुमच्या मिठानं माझा जीव घेतला. ही कसली पूड म्हणून अर्धा तास उभं केलं. शेवटी मी त्या साहेबासमोर एक खडा तोंडात टाकून चावला.” आम्ही सगळे हसलो. “पण मीठ सोडलं नाही,” ते म्हणाले. “दोन्ही ठिकाणी बर्फ बदलला, दोन्ही ठिकाणी मीठ घातलं. पेटी पोचली तेव्हा आत असं गार होतं की हात लावता येईना.”

“आणि पोरगी?” मी विचारलं.

“पेटी तिनंच घेतली माझ्या हातातून. अशक्त आहे, पण चालतेफिरते. दारात उभी होती. त्यांच्या पुढच्या खोलीला दार नाही, नुसता पडदा आहे. तिनं भुशात हात घातला, वास घेतला आणि मामाला विचारलं, याला केळीचा वास का येतो? लढाईनंतर तिनं केळं पाहिलं नव्हतं. मुठीत भुसा घेऊन बराच वेळ हुंगत होती.”

मी आत जाऊन पदर तोंडाला लावून रडले. सुखाने रडले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन मी मेडिकलवाल्याकडे गेले. तो खूश झाला, दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना म्हणाला, बघा, आपल्या दुकानाचं औषध बगदादला पोचलं. मग सहज म्हणाला, “वहिनी, एवढ्या उन्हात थंड कसं ठेवलंत?” मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं, हात हलवून हलवून, आइस्क्रीमच्या पॉटसकट. सांगता सांगता त्याच्या तोंडाकडे लक्ष गेलं. त्याने हातातला पेढा कागदावर ठेवला होता.

“मीठ?” तो म्हणाला. “वहिनी, इन्सुलिन गार ठेवायचं असतं. गोठवायचं नसतं. एकदा गोठलं की मेलं ते. पुन्हा वितळलं तरी त्यात काही राहत नाही. खोक्यावर लिहिलेलं असतं.”

“खोकी मी जाळली,” मी म्हटलं.

“दिसायला ते तसंच दिसतं,” तो म्हणाला, आणि मग आपण हे का बोललो असं त्याला झालं असावं, कारण तो काउंटरवरचा कागद उगाच सरळ करत बसला.

म्हणजे अक्काची लेक रोज टोचून घेत होती, आणि दोघी मायलेकींना वाटत होतं औषध चाललं आहे. आधी निदान अर्धा डोस तरी खरा होता. आता पूर्ण डोस, आणि तो पाण्याचा.

त्याच दिवशी आम्ही तार ऑफिसात गेलो. तिथे म्हणाले, पाठवू, पोचेल याची खात्री नाही. पाठवली. यांनी पत्र लिहिलं, मी शेजारी बसून सांगत होते. लिहा, चूक माझी आहे. लिहा, मीठ मी घातलं. लिहा, त्या बाटल्या फेकून दे, अक्का, एकही टोचू देऊ नकोस. हे म्हणाले, फेकून दे म्हणून सांगायचं, मग तिने टोचायचं काय? मी म्हटलं, तरी लिहा. तीन पत्रं लिहिली. एक पोस्टाने, दोन वकीलभाऊंच्या ओळखीने जाणाऱ्यांच्या हाती. वकीलभाऊ धुळ्याहून आले, दहा बाटल्या घेऊन आले, पण नेणारं कोणी नव्हतं. पुढची तुकडी कधी जाईल ते मुंबईवाल्यांनाही ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, वकीलभाऊंनी मला चांगलं खडसावावं. ते म्हणाले, “ताई, मीठ मीच घातलं ना दोन्ही वेळा.”

पाऊस आला, गेला. दिवाळी झाली. मी दिवाळीला काही केलं नाही, मुलीसाठी दोन करंज्या तळल्या तेवढ्याच. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. ती वेणी घालायला समोर बसली की माझं लक्ष फोटोकडे जायचं.

दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांनी पत्र आलं. यांनी दुकानातून घरी आणलं, न फोडता. ओट्यावर बसून फोडलं. आधी मनातल्या मनात वाचलं, आणि मग मला मराठीत सांगितलं. भावाने लिहिलं होतं, पण बोल अक्काचे होते. तिने लिहिलं होतं की लेक गेली. तुमची पेटी आली, पण लेक गेल्यावर आठव्या दिवशी आली. पेटी उघडायची वेळच आली नाही. म्हणून तुझ्या बायकोला सांग, बर्फासाठी रडू नको म्हणावं. बर्फाने काही केलं नाही. भुशाला केळीचा वास होता, तो मी अजून ठेवला आहे.

यांनी पत्राची घडी घातली.

“बघ,” म्हणाले. “तुझा दोष नव्हता.”

त्याच ओट्यावर, त्याच जागी बसून यांनी वकीलभाऊंचं पोरीबद्दलचं बोलणं ऐकलं होतं. पेटी तिनंच घेतली माझ्या हातातून. मीही ऐकलं होतं, दारात उभं राहून. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मी म्हटलं, “हो.”

किती तरी वर्षं झाली. मोठमोठी माणसं येऊन सांगून गेली की नाकेबंदीचा हेतू असा होता न् तसा होता. मला हेतूचं काही सांगू नका. चोवीस बाटल्या माझ्या मिठाने मेल्या, ते पाप माझं, मी ते कोणावर ढकलत नाही. पण दवाखान्यात चार पावलांवर मिळणारं औषध ज्यांनी बंद केलं, एका पोरीचा जीव रावेरच्या वखारीतल्या भुशावर आणि माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईच्या अकलेवर आणून ठेवला, त्यांना कोणी पत्र लिहिलं का की रडू नका म्हणून? त्यांना गरजच नव्हती. ते रडतच नव्हते.

आणि ती अक्का. जिने सूप पाजलं त्याची फेड करायला मी निघाले होते. पोटची पोर गेली, आणि माझ्या जिवाला घोर लागू नये म्हणून त्या बाईने कागदावर आपल्या लेकीला पेटी पोचायच्या आठ दिवस आधीच मारलं.

पुढच्या अखजीला मी घागर भरायला बसले. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरतात, वर छोटं भांडं ठेवतात, शेजारी डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा. दरवर्षी एक घागर असते, सासू-सासऱ्यांची. त्या वर्षी हे बाजारातून दोन घेऊन आले. दुसरी अगदी लहान होती. माठातलं पाणी काढून दोन्ही भरल्या. डांगर मोठ्या घागरीपाशी ठेवलं. लहान घागरीपाशी यांनी पिशवीतून काढून दोन केळी ठेवली.